एक अत्तर, अनेक मनगटें

संक्रांतीचा महिना आहे. भोरमधील एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरांत हळदीकुंकूं चाललें आहे. तिळगूळ वाटून झाला, वाण लुटून झालें, आणि घरची सून अत्तरदाणी घेऊन एकेकीपुढें येते. कुपींत काडी बुडवावी, समोर आलेल्या मनगटावर ती हलकेच टेकवावी आणि पुढें सरकावें, असा तिचा क्रम चालू असतो. कुपी एक, काडी एक, आणि अत्तर मोगऱ्याचें, तेंही एकच. घटकाभर गप्पा होतात आणि मग कोणी सहज हात नाकाशीं नेतें. एकीच्या हाताला मोगरा अजून ताज्या गजऱ्यासारखा दरवळत असतो. तिच्या शेजारणीच्या हातावरचा मोगरा केव्हांच उडून गेला आहे. उरलें आहे तें केवळ चंदन. तिसरीच्या हाताला कसलाच वास नाहीं. चौथीच्या हाताला मात्र एक आंबूस झांक आली आहे. ती हात पदराखालीं घेते. तेवढ्यांत कोणी बोलून जातें, “कांहीं जणींच्या अंगाला अत्तर मानवतच नाहीं, बाई!” बोलणारी तें क्षणांत विसरते, ऐकणारी विसरत नाहीं. पुढल्या संक्रांतीला अत्तरदाणी समोर आली म्हणजे ती “मला नको हो” म्हणून हात मागें घेते.

ह्या लहानशा प्रसंगांत दोन प्रश्न आहेत. पहिला रसायनशास्त्राचा : एकाच कुपींतील अत्तर चार मनगटांवर चार तऱ्हेचें कां होतें? दुसरा न्यायाचा : त्यावरून त्या चौथ्या बाईच्या स्वच्छतेविषयीं, आहाराविषयीं किंवा कुळाविषयीं कांहीं अनुमान काढणें रास्त आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर नीट समजलें म्हणजे दुसऱ्याचें निराळें शोधावें लागत नाहीं.

भोर आणि वेल्हें ह्या भागांतील लोकांना हा पहिला प्रश्न एका वेगळ्या रूपानें फार दिवसांपासून ठाऊक आहे. तें रूप अत्तराचें नव्हे, भाताचें आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी ह्या नद्यांच्या खोऱ्यांत, राजगड व तोरणा ह्या किल्ल्यांच्या पायथ्याला, सुवासिक भाताचीं खाचरें पसरलेलीं आहेत. जुना वाण आंबेमोहोर. त्याचा भात चुलीवर शिजूं लागला म्हणजे आंब्याच्या मोहोराचा वास येतो म्हणून त्याला हें नांव पडलें. त्याच्याच एका निवडीचा, आंबेमोहोर १५७ चा, आय. आर. ८ ह्या वाणाशीं संकर करून वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें इंद्रायणी हा वाण काढला आणि तो १९८७ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आला. आज ह्या खोऱ्यांतून इंद्रायणीच अधिक दिसतो. कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला विचारावें. तो सांगेल कीं, हेंच बियाणें खालच्या उष्ण मुलखांत नेऊन पेरलें तर दाणा येतो, परंतु वास तसा येत नाहीं.

ह्या अनुभवाला शास्त्राचा आधार आहे. सुवासिक तांदळाच्या वासाचें मुख्य द्रव्य म्हणजे २-अॅसिटिल-१-पायरोलिन. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉन बटरी व त्यांचे सहकारी यांनीं तें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तांदळांत ओळखलें. हें द्रव्य तयार करण्याची पात्रता बियाण्यांत असते. पण तें किती तयार व्हावें हें जमीन, पाणी आणि दाणा भरतांनाच्या रात्रींचा गारवा ठरवितो. बियाणें गंधाचें वचन देतें, आणि तें कितपत पुरें व्हावयाचें हें खाचरावर अवलंबून राहतें. कोणीही शहाणा शेतकरी ह्यासाठीं दुसऱ्याच्या शेताला नांवें ठेवीत नाहीं. अत्तराची गोष्ट अशीच आहे. कुपींत असतें तें बियाणें. मनगट ही त्याची जमीन.

प्रथम कुपींत काय असतें तें पाहूं. देशी अत्तराची जुनी रीत उत्तर प्रदेशांतील कनोज ह्या गांवीं अजून चालू आहे. तांब्याच्या मोठ्या डेगींत फुलें आणि पाणी घालून तोंड मातीनें लिंपतात आणि खालीं जाळ करतात. फुलांचा सुवास घेऊन निघालेली वाफ बांबूच्या नळींतून भपका नांवाच्या भांड्यांत उतरते. हा भपका गार पाण्यांत बसविलेला असतो आणि त्याच्या तळाशीं चंदनाचें तेल असतें. वाफेचें पाणी होतें, सुवास तेलांत मुरतो, आणि मागाहून पाणी काढून टाकतात. म्हणजे मोगऱ्याचें अत्तर हें नुसता मोगरा नव्हे. तो मोगरा आणि चंदन यांचा संसार आहे.

ह्या संसारांतील माणसें सारख्या स्वभावाचीं नाहींत. मोगऱ्याच्या वासांत बेंझिल अॅसिटेट आणि लिनलूल हीं द्रव्यें ठळक असतात. त्यांचे रेणु हलके असतात. रेणुभार १५० च्या आसपास. तीं लवकर उडतात आणि लवकर नाकांत भरतात. चंदनाच्या तेलाचा मुख्य घटक सँटॅलॉल. त्याचा रेणुभार २२०. लिनलूल १९८ अंश सेल्सियसला उकळतें, तर सँटॅलॉलला सुमारें ३०० अंश लागतात. त्यामुळें अत्तर लावल्याबरोबर फूल बोलतें आणि कांहीं तासांनीं चंदन बोलतें. मोगऱ्यांत आणखी एक द्रव्य अल्प प्रमाणांत असतें, तें म्हणजे इंडोल. तें एकटें आणि भरपूर घेतलें तर दुर्गंधीच म्हणावी लागेल. परंतु फुलांतील त्याच्या किंचित् अंशामुळेंच मोगऱ्याचा वास भरदार वाटतो. त्याचा उत्कलनबिंदु २५४ अंश, म्हणजे फूल आणि चंदन यांच्या मध्यें कोठेंतरी. वरचा हलका सुवास उडाला कीं कांहीं काळ हें इंडोल उघडें पडतें. तेव्हां कोणाच्या हाताला मध्येंच एखादा जड, नकोसा वास आला, तर तो पुष्कळदां त्या हाताचा नसतो. तो मोगऱ्याचाच असतो.

ही झाली अत्तराची स्वतःची चाल. कागदाच्या पट्टीवर लावलें तरी अत्तर ह्याच क्रमानें बदलतें. त्वचा करते काय, तर ही चाल कोठें जलद, कोठें मंद करते आणि कोठें तींत आपलें कांहीं मिसळते.

पहिली गोष्ट उष्णतेची. मनगटाची त्वचा साधारणपणें ३२ ते ३४ अंश उबदार असते. पण थंडीच्या दिवसांत पायीं चालत आलेल्या बाईचें मनगट गार असेल आणि नुकतीच चुलीपुढून उठलेल्या बाईचें कढत असेल. दोहोंत दोनचार अंशांचाच फरक असला तरी उडून जाणाऱ्या द्रव्यांना तो पुरेसा होतो. कढत मनगटावर मोगरा एकदम भपकारतो आणि लवकर संपतो; गार मनगटावर तो दबून राहतो आणि सावकाश सुटतो.

दुसरी गोष्ट स्निग्धतेची, आणि ती बहुधा सर्वांत महत्त्वाची. त्वचेंतील सूक्ष्म ग्रंथि एक प्रकारचें तेल स्रवतात. त्यांत चरबी, मेणासारखीं द्रव्यें आणि स्क्वालीन नांवाचें एक तेल असतें. कपाळावर आणि डोक्यावर ह्या ग्रंथि दाट असतात, हातावर विरळ असतात. लहान मुलांत हा स्राव कमी, तारुण्यांत भरपूर, आणि उतारवयांत पुन्हां कमी होतो. अत्तराचे रेणु तेलांत सुखानें विरघळतात. त्यामुळें तेलकट त्वचा अत्तर धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. कोरड्या त्वचेवरून तें भराभर उडतें आणि त्याचा कांहीं अंश त्वचेंत जिरतो.

आतां त्या तिसऱ्या बाईचा विचार करावा, जिच्या हाताला कसलाच वास राहिला नव्हता. दिवसभर भांडीं घासणें, धुणें धुणें, सारवणें आणि पावसाळ्यांत गुडघाभर चिखलांत उभें राहून भात लावणें, ह्यांत हाताची नैसर्गिक स्निग्धता धुवून जाते. त्यांत पौष-माघांतील कोरडी थंडी. अशा हातावर अत्तर टिकलें नाहीं तर तो देहाचा दोष म्हणावयाचा कीं श्रमाची खूण? घरांतील वडील बायका अत्तर लावण्यापूर्वीं मनगटाला खोबरेल तेलाचें किंवा तुपाचें बोट पुसत, त्यांत हेंच शहाणपण होतें. त्या बोटभर तेलानें तिसऱ्या बाईचा मोगराही पहिलीइतका टिकूं शकतो.

तिसरी गोष्ट घामाची. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथि आहेत आणि त्यांतून येणारा ताजा घाम जवळजवळ गंधहीन असतो. त्याला वास येतो तो त्वचेवर राहणाऱ्या जीवाणूंमुळें, आणि तोही मुख्यतः काखेंतील निराळ्या ग्रंथींच्या स्रावावर ते पोसतात म्हणून. मनगटावर त्या ग्रंथि नसतात. तरी अत्तराचा वास घेणारें नाक मनगटापुरतें राहत नाहीं; सबंध माणसाभोंवतीं जें गंधाचें वलय असतें त्यांत तें अत्तर मिसळतें. ह्या वलयाचा कांहीं भाग जन्मतःच ठरलेला असतो. एबीसीसी-११ ह्या एका जनुकांतील एका अक्षराच्या फरकानें कानांतला मळ ओला कीं कोरडा हें ठरतें, असें जपानी शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखविलें. तोच फरक काखेच्या वासाशींही निगडित आहे; पूर्व आशियांतील पुष्कळ लोकांच्या घामाला वास फार कमी येतो तो त्यामुळें. वयाचाही भाग आहे. चाळिशीनंतर अंगाच्या वासांत २-नोनेनाल ह्या द्रव्याचें प्रमाण वाढतें, असें जपानमधील एका संशोधनांत २००१ सालीं आढळून आलें.

कांहीं भाग आहाराचा आहे. ज्या घरांत बाळंतपण झालें आहे तेथें हें सांगावयास नको. बाळंतिणीला मेथीचे लाडू दिले म्हणजे तिच्या घामाला मेथीचा गोडसर वास येतो. मेथींतील सोटोलोन हें द्रव्य शरीरांतून जवळजवळ जसेंच्या तसें बाहेर पडतें. परंतु आहारावरून माणसांची प्रतवारी लावण्याची घाई करूं नये. प्राग येथील संशोधकांनीं २००६ सालीं कांहीं पुरुषांना दोन आठवडे मांसाशिवाय ठेवलें आणि स्त्रियांकडून त्यांच्या घामाची पारख करविली; बिनमांसाच्या दिवसांतला वास अधिक सुखद ठरला. त्याच गटांतील संशोधकांनीं २०१६ सालीं लसणाचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि भरपूर लसूण खाल्लेल्यांच्या काखेचा वासच अधिक सुखद ठरला! दोन्ही निष्कर्ष शेजारीं ठेवले म्हणजे कोणत्याच पंगतीला मिरविण्यासारखें फारसें उरत नाहीं.

चौथी गोष्ट खऱ्या रासायनिक बदलाची. त्वचेंत एस्टरेज नांवाचीं विकरें असतात. मोगऱ्यांतील बेंझिल अॅसिटेट हें एस्टर जातीचें द्रव्य आहे. त्याचा कांहीं अंश ह्या विकरांनीं फुटला तर एका बाजूस बेंझिल अल्कोहोल होतें आणि दुसऱ्या बाजूस अॅसेटिक आम्ल, म्हणजेच शिरक्यांतील आम्ल. आंबूसपणा येण्याचा हा एक सरळ मार्ग होय. आणि हीं विकरें अस्वच्छ माणसाच्याच त्वचेंत असतात असें नाहीं, तीं प्रत्येकाच्या त्वचेंत असतात. दुसऱ्या कांहीं सुवासिक द्रव्यांची, ज्यांना अल्डिहाइड म्हणतात त्यांची, त्वचेंतील प्रथिनांशीं गांठ पडते आणि तीं तेथेंच अडकून राहतात. शिवाय त्वचेवरचें स्क्वालीन हवेंतील ओझोनशीं संयोग पावून स्वतःच नवे गंध निर्माण करतें, हें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. म्हणजे स्वच्छ धुतलेला हातसुद्धां गंधाच्या दृष्टीनें कोरा कागद नसतो.

येथें दोन लोकप्रिय समजुतींचा उल्लेख करणें इष्ट आहे. एक अशी कीं, त्वचेच्या आम्लतेमुळें अत्तराचा वास पालटतो. त्वचा सौम्य आम्ल असते हें खरें. परंतु अत्तरांतील बहुतेक द्रव्यें इतक्या सौम्य आम्लानें दोनचार तासांत बदलत नाहींत. स्निग्धता आणि उष्णता यांच्या मानानें हें कारण गौण आहे. दुसरी समजूत अशी कीं, दोन मनगटें एकमेकांवर चोळलीं तर अत्तराचे रेणु मोडतात. तळहाताच्या जोरानें रेणु मोडत नाहींत. चोळल्यानें ऊब येते, अत्तर पसरतें, आणि वरचा हलका वास लवकर उडतो, इतकेंच.

आतांपर्यंत सर्व दोष किंवा गुण मनगटाच्या पदरीं टाकला. परंतु ह्या व्यवहारांत आणखी एक पक्ष आहे आणि त्याला सहसा कोणी जाब विचारीत नाहीं. तो पक्ष म्हणजे वास घेणारें नाक. माणसाच्या नाकांत गंध ओळखणारे सुमारें ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांचा संच प्रत्येकाचा थोडाबहुत निराळा असतो. बीटा-आयोनोन नांवाचें एक सुवासिक द्रव्य आहे. व्हायोलेट फुलाचा वास मुख्यतः ह्या वर्गांतील द्रव्यांचा, आणि सुगंधी प्रसाधनांत तें सर्रास वापरतात. २०१३ सालच्या संशोधनांत असें दिसलें कीं, एका जनुकाच्या भेदामुळें कांहीं लोकांना तें स्पष्टपणें फुलासारखें सुगंधी लागतें, तर कांहींना तें आंबट, शिरक्यासारखें वाटतें. अंड्रोस्टेनोन हें घामांतील एक द्रव्य. तें कोणाला किळसवाणें, कोणाला गोड वाटतें, आणि कोणाला त्याचा वासच येत नाहीं. ह्यामागेंही नाकांतील एका ग्राहकाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे, असें २००७ सालीं दाखविण्यांत आलें. तेव्हां “तुझ्या हाताला आंबूस वास येतो” असें म्हणणाऱ्या व्यक्तीनें तो आंबूसपणा हातांत आहे कीं आपल्या नाकांत, हें एकदां पडताळून पाहावें. शेजारच्या बाईला त्याच हाताला कदाचित् फुलाचा वास येत असेल.

शिवाय नाक लवकर थकतें. एकच वास सतत येत राहिला तर मेंदु त्याची दखल घेणें सोडून देतो. ज्याला स्वतःचें अत्तर ‘उडालें’ असें वाटतें त्याच्या खोलींत दुसरा कोणी आला तर त्याला तें दारांतूनच समजतें. अत्तराचे थर वर थर चढविणारे लोक बहुधा ह्याच भ्रमाला बळी पडलेले असतात.

मग कोणाला कोणतें अत्तर शोभतें हें ठरविणार कोण? प्रागच्याच संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ह्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. त्यांनीं कांहीं माणसांच्या एका काखेंत त्यांचें स्वतःचें नेहमींचें अत्तर लावलें आणि दुसऱ्या काखेंत प्रयोगकर्त्यांनीं निवडलेलें अत्तर लावलें. दोन्ही अत्तरें नुसतीं हुंगलीं तर सारखींच सुखद ठरत. परंतु अंगाच्या वासाशीं मिसळल्यावर ज्याचें त्यानें निवडलेलें अत्तर अधिक सुखद ठरलें. म्हणजे माणूस दुकानांत उभा राहून अत्तर निवडतो तेव्हां नकळत आपल्या देहाच्या गंधाला जुळणारें शोधीत असतो. ह्याआधीं २००१ सालीं मिलिन्स्की आणि वेडेकिंड ह्या शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें होतें कीं, देहाच्या रोगप्रतिकारक शक्तीशीं संबंधित जनुकांचा आणि माणसाला स्वतःसाठीं आवडणाऱ्या सुवासांचा कांहीं संबंध आहे. तेव्हां ‘हिच्या अंगाला अत्तर मानवत नाहीं’ हें वाक्यच चुकीचें आहे. फार तर ‘हिला हें अत्तर मानवत नाहीं’ असें म्हणतां येईल. आणि तिचें स्वतःचें अत्तर तिला अजून सांपडावयाचें आहे.

ह्या सर्व विवेचनांतून गृहस्थाश्रमी माणसाला उपयोगीं पडणारे कांहीं नियम निघतात. अत्तर विकत घेतांना तें कागदाच्या पट्टीवर किंवा विक्रेत्याच्या मनगटावर हुंगून घेऊं नये. स्वतःच्या मनगटावर लावून बाजारांत तासभर हिंडून यावें आणि मग ठरवावें. एका वेळीं दोहोंपेक्षां अधिक अत्तरें पाहूं नयेत; नाक तिसऱ्याशीं न्याय करीत नाहीं. कुपीवर मोगरा लिहिलेलें असलें तरी खालीं चंदनाचें तेल आहे कीं दुसरें एखादें स्वस्त तेल आहे हें विचारून घ्यावें. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ अत्तरें खनिज तेलांत किंवा तशाच गंधहीन द्रवांत करतात. त्यांत चंदनाचा तो शेवटचा तासांचा ठेवा असत नाहीं. कुपी उजेडांत व उन्हांत ठेवूं नये. लिनलूलसारखीं द्रव्यें हवेशीं संयोग पावून जुनीं झालीं म्हणजे कित्येकांच्या त्वचेला खाज आणि लाली आणतात. ज्याच्या त्वचेला असा त्रास होतो त्यानें अत्तर कपड्याच्या कडेला लावावें, अंगाला लावूं नये. लिंबाच्या जातीच्या फळांच्या सालींतून काढलेलीं कांहीं तेलें, विशेषतः बर्गामॉटचें, लावून उन्हांत गेल्यास त्वचेवर काळसर डाग पडूं शकतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

आणि एक जुनी रीत अशी आहे कीं, तिचें महत्त्व ह्या प्रकाशांत नव्यानें पटतें. लग्नकार्यांत वडील मंडळी कापसाचा लहान बोळा अत्तरांत भिजवून कानाच्या पाळीवरच्या खळींत खोंवीत असत. ह्यालाच फाया म्हणतात. कानाजवळची ऊब अत्तराला मिळते, पण अत्तर बव्हंशीं कापसांतच राहतें. त्वचेचें तेल, घाम आणि विकरें त्याच्यापर्यंत फारशीं पोंचत नाहींत. म्हणून दहा माणसांच्या कानांतील फाये जवळजवळ सारखेच दरवळतात, आणि दहा मनगटें मात्र दहा तऱ्हांनीं. ज्यांना अत्तराचा मूळ वास हवा त्यांनीं फाया घ्यावा. ज्यांना अत्तर आणि आपला देह यांच्या मीलनानें होणारा वास हवा त्यांनीं तें मनगटाला लावावें.

अत्तर-गुलाब आणि पान-सुपारी हा एके काळीं दरबारी मानाचा विधि होता. संस्थानी दरबार अत्तर-गुलाब झाल्यावर आटोपत. भोर संस्थान १९४८ च्या मार्चमध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि पंतसचिवांच्या दरबाराचा काळ संपला. घरोघरची अत्तरदाणी मात्र राहिली. दरबारांत मान पायरीपायरीनें दिला जाई. हळदीकुंकवांत घरची सून एकच काडी एकाच कुपींत बुडवून सर्वांच्या हाताला लावते. म्हणजे देणारीच्या बाजूनें भेद मुळींच नसतो. पुढें जो भेद दिसतो तो कोणाची ऊब, कोणाचें वय, कोणाचे श्रम आणि कोणाचें नाक यांचा असतो. कोणाचें कूळ किंवा कोणाची स्वच्छता त्यांतून वाचतां येत नाहीं.

वेल्ह्याच्या खोऱ्यांतील शेतकरी आपल्या आंबेमोहोराचा वास दुसऱ्या खाचरांत उतरला नाहीं म्हणून त्या मातीला घाणेरडी म्हणत नाहीं. तो म्हणतो, “ह्या मातीचा वाण निराळा.” पुढल्या संक्रांतीला ती चौथी बाई पुन्हां हात मागें घेऊं लागली, तर यजमानिणीनें आग्रह करूं नये आणि तिला वगळूनही पुढें जाऊं नये. अत्तरदाणीशेजारीं थोडा कापूस ठेवलेला असावा. एक फाया करून तो तिच्या हातीं द्यावा, आणि मग पुढल्या बाईकडे वळावें.